अर्धा कोयता केन्सिंग्टनात

आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं, टोळी मोजतात ती कोयत्यांनी, आणि एखादा गडी बायकोशिवाय एकटाच आला तर तो अर्धा कोयता. मी ऊस आयुष्यभर नुसता खाल्ला, तोडला नाही. पण जून २०१९ मध्ये लंडनला एक अख्खा दिवस मी अर्धा कोयता म्हणून काढला, त्याची ही हकीकत.

मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनहून बोलावणं आलं होतं, ते हिला. माझं तिकीट निघालं ते डिंकाचे लाडू एका माणसाच्या तेवीस किलोंत बसेनात म्हणून. विमानाचं तिकीट ही आमची उचल. ती फेडायला ही पहाटे पाचला उठून कामाला लागायची आणि मी सोफ्यावर बसून उचल बुडवायचो. पहिले तीन दिवस मलाही काम होतं. हिनं बाळ-बाळंतिणीला ओव्याची धुरी द्यायला घेतली की छतावरचं यंत्र असं कोकलायचं, की शेजारचे पंजाबी काका चपला न घालता बाहेर येत. मी टॉवेल घेऊन त्या यंत्राखाली उभा राही आणि देवावर चवरी ढाळावी तसा वारा घाली. चौथ्या दिवशी मुलीनं धुरी बंद करायला लावली आणि माझी नोकरी गेली.

"आता दिवसभर पायांत पायांत येऊ नका," ही म्हणाली.

तोडगा जावईबापूंनी काढला. ते संगणकातले डिझायनर आहेत, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर बटण कुठं असावं हे ठरवण्याचे त्यांना पैसे मिळतात. "पप्पा, डिझाइन म्युझियम बघून या. फुकट आहे." पहिल्या वाक्याला मी बसून होतो, दुसऱ्याला उठलो.

आमच्याकडं डिझाइन म्हणजे ब्लाऊजचा गळा. फार तर मेंदी, नाहीतर बंगल्याच्या गेटची जाळी. त्यामुळं हिनं निघताना बजावलं, "चांगले गळे दिसले तर फोटो काढून आणा. उगं रस्त्याचे आणू नका." या बोलण्याला इतिहास आहे. मी छत्तीस वर्षं रस्त्यावर काढली. भीक मागत नव्हे, सरकारी खात्यात. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. धारूरच्या घाटात, मांजरसुंब्याच्या चढावर, कुठं खडी, कुठं मोरी, कुठं बोर्ड, असं करत निवृत्त झालो. काश्मीरला गेलो तेव्हाही मी फोटो काढले ते संरक्षक भिंतींचे. ही ते अजून विसरलेली नाही.

शुक्रवार, १४ जून. आदल्याच दिवशी नॉटिंगहॅमला भारत आणि न्यूझीलंडचा विश्वचषकातला सामना एकही चेंडू न पडता पावसात वाहून गेला होता, त्यामुळं जावईबापू सुतकात होते. मी मात्र हाउन्सलोच्या फुटपाथवर उभा राहून तोंड वर करून पाऊस अंगावर घेत होतो. आमच्या जिल्ह्यात त्या साली जनावरं चारा छावणीत होती आणि माणसं टँकरच्या मागं. आणि इथं चांगला पडता पाऊस लोक छत्र्या उघडून अडवत होते! माझ्या डोळ्यांदेखत पाणी गटारात चाललेलं. एका जाळीपाशी मी थांबलोही, की हे अडवायचं कुठं. मग आठवलं, आपण निवृत्त आहोत आणि हाउन्सलो आपल्या उपविभागात येत नाही.

मुलीनं चिठ्ठी लिहून दिली होती: निळ्या गाडीनं अर्ल्स कोर्ट, तिथं उतरून हिरवी गाडी, एकच स्टेशन, हाय स्ट्रीट केन्सिंग्टन. प्रवासात मला 'माइंड द गॅप'चं फार कौतुक वाटलं. फलाट आणि गाडी यांत फट आहे, हे दर खेपेला गंभीर आवाजात सांगतात. फट बुजवता येत नसेल तर तिची घोषणा करायची, हे धोरण आमच्या खात्यातही होतं. आम्ही फक्त बोर्ड लावायचो. यांनी आवाज भरला.

म्युझियमचं छप्पर लांबूनच दिसतं. ओली चादर वाळत घालताना दोघींनी आपापली टोकं उंच धरावीत आणि उरलेली दोन खाली लोंबावीत, तसा त्याचा आकार. तांब्याचं छप्पर! १९६२ साली ही इमारत झाली ती राष्ट्रकुलातल्या देशांची ओळख गोऱ्या पोरांना करून द्यायला, आणि छपराचं तांबं आलं तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झांबियातून. डिझाइन म्युझियम इथं आलं २०१६ च्या नोव्हेंबरात. त्याआधी १९८९ पासून ते थेम्सकाठी केळ्यांच्या एका जुन्या गोदामात होतं. केळ्यांच्या गोदामातून तांब्याच्या छपराखाली, ही बढती मला खात्यात कुणाची झालेली आठवत नाही.

आत शिरलो. तिकीट कुणी विचारेना, तेव्हा अस्वस्थ झालो. फुकट म्हणजे पुढं कुठंतरी दक्षिणापेटी असणार. एका दालनात स्टॅन्ली क्युब्रिक या सिनेमावाल्याचं प्रदर्शन होतं, त्याला मात्र पैसे होते. मी पौंडाला ८८नं गुणलं आणि क्युब्रिकसाहेबांना बाहेरूनच नमस्कार केला. मधोमध रुंद लाकडी पायऱ्या आहेत, त्यांच्यावर माणसं पारावर बसावीत तशी बसलेली. कुणी काही बघत नव्हतं. म्युझियममध्ये येऊन काहीही न बघता बसण्याची सोय आहे, हे डिझाइन मला पहिल्यांदा आवडलं.

फुकट दालन वर आहे. त्याचं नाव 'डिझायनर, मेकर, यूजर'. आखणारा, घडवणारा, वापरणारा. दाराशीच भली मोठी भिंत, आणि तिच्यावर जगभरच्या लोकांनी सुचवलेल्या रोजच्या वापरातल्या दोनशेवर वस्तू. आपण दिवाळीत माळा झाडतो तेव्हा खाली जे जे पडतं, तशी ती भिंत. आमच्या माळ्यावरच्या वस्तूंना हिनं कधी दिवा लावून दाखवलं नाही एवढाच फरक.

बीडकडून आपण काय सुचवलं असतं, असा विचार करत मी उभा राहिलो. उत्तर आदल्या रात्रीच मिळालं होतं. हिनं प्रवासात तांब्या बरोबर घेतला म्हणून मी कुरकुरत होतो (तो कशासाठी घेतला होता, हे परदेशी जाऊन आलेल्यांना सांगायला नको). तेव्हा जावईबापूंनी एकदम हात जोडले. म्हणाले, चार्ल्स आणि रे ईम्स नावाचं अमेरिकन जोडपं होतं, खुर्च्यांसाठी जगप्रसिद्ध. त्यांना भारत सरकारनं बोलावलं, ते देशभर हिंडले आणि १९५८ साली अहवाल दिला. त्यातून पुढं अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आणि एवढा देश बघून त्यांना सगळ्यांत सुंदर वस्तू वाटली ती कुठली, तर लोटा. आपला तांब्याच! त्यांनी म्हणे हिशोब मांडला होता: पाणी किती मावावं, हात कुणाचा, तो कमरेवर बसतो कसा, भरल्यावर तोल कुठं जातो, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, दगडावर ठेवला तर आवाज कसा येतो, मोडीत घातला तर किती येतील. आणि असा तांब्या कुणा एका माणसानं कागदावर काढलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या हातांनी तो घडत गेला.

मी हे ऐकून गप्प झालो. कारण मोडीचा हिशोब सोडला तर यातलं काहीच मी कधी पाहिलं नव्हतं. ही मात्र म्हणाली, "त्यात काय, सासूबाईंनी मला तांब्या वाजवूनच घ्यायला शिकवलं." अमेरिकेहून येऊन त्या जोडप्याला जे कळलं ते माझ्या आईला आठवडी बाजारात कळलेलं होतं. फक्त आईचा अहवाल कुणी मागवला नाही.

पुढं लाल टाइपरायटर दिसला. ऑलिव्हेट्टी कंपनीचा 'व्हॅलेंटाइन', १९६९ सालचा, एत्तोरे सोट्टसास यांची करामत. इतका लालभडक, की टंकलेखनाला बसलाय की लग्नाला, कळेना. आमच्याकडं कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्यांची यंत्रं सगळी राखाडी. त्यांच्यावर लाल फक्त रिबिनीची खालची कड. पोरीनं मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस असल्याच यंत्रावर काढली आणि पुढं ती इथवर आली, म्हणून नमस्कार करून पुढं सरकलो.

आणि मग मी थबकलो. समोर रस्त्याचे बोर्ड.

कुणाला मूर्ती बघून भरून येतं, मला बोर्ड बघून आलं. छत्तीस वर्षं जे उन्हातान्हात खांबाला बोल्ट मारून लावले, त्यांचं हे गोत्र! विलायतेतले आजचे बोर्ड जॉक किनिअर आणि त्यांची विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी आखले. १ जानेवारी १९६५ पासून ते लागू झाले. व्याकरण एकदम साधं: त्रिकोण असेल तर सावध करतो, गोल असेल तर हुकूम सोडतो, चौकोन असेल तर नुसती माहिती देतो. संसारातलं सगळं बोलणं या तिन्हींत बसतं. आमच्या घरात त्रिकोण आणि गोल हिच्याकडं आहेत, चौकोन माझ्याकडं.

धावत्या गाडीतून वाचता यावं म्हणून त्यांनी अक्षरांचं वळणसुद्धा नवं आखलं. नमुने तपासायला ते जमिनीखालच्या एका गाडीतळात गेले, हाइड पार्कात झाडांना बोर्ड टेकवून लांबून बघितले. हे वाचून मला आमचा पेंटर आठवला. त्याला 'पुढे अरुंद पूल आहे' लिहायला दिलं होतं. भाद्दरानं 'पुढे' एवढं दणकट काढलं की 'अरुंद'ला जागा आखडली, 'पूल' काडीएवढा झाला आणि 'आहे' पत्र्याच्या कडेवरून खाली उतरलं. साहेबांनी मला झापलं. पण तो बोर्ड लागला तो लागलाच, आणि त्या पुलावर माझ्या नोकरीत एकही गाडी गेली नाही खाली. बोर्डातली अक्षरंच पुढं अरुंद होत गेलेली, माणसाला न वाचता कळायचं. किनिअरसाहेबांना तो दाखवायला हवा होता.

'पुढे शाळा' या बोर्डाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. आधीच्या बोर्डावर म्हणे टोपी घातलेला, दप्तरवाला, चांगल्या घरचा पोरगा होता. कॅल्व्हर्टबाईंनी त्याला काढून टाकलं आणि मोठी मुलगी लहान पोराचा हात धरून नेतेय असं चित्र केलं. मुलीसाठी नमुना कुठला, तर स्वतःचाच लहानपणचा. आमच्याकडच्या उमेदवारांनी डिजिटल फलकावर कितीही पैसे ओतले तरी हा मान मिळायचा नाही. ही बाई देशातल्या शाळाशाळांसमोर आयुष्यभर उभी आहे आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून एक नाव नाही.

'काम चालू' या बोर्डावर मात्र माझं त्यांच्याशी पटलं नाही. त्यावरचा माणूस माती उपसतोय असं म्हणायचं, पण इंग्रज लोक स्वतःच चेष्टा करतात की त्याला छत्री उघडता येईना झालीय. ते सोडा. तो माणूस आहे, आणि एकटा आहे. आमच्या रस्त्यावर माणसाहून बाई जास्त असायची. डोक्यावर पाटी, झाडाला झोळी. १९७२ च्या दुष्काळात माझी आई गावच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची आणि येताना पदराला सुकडी बांधून आणायची. पुढं त्याच रस्त्याचं डांबरीकरण माझ्या हाताखाली झालं, तेव्हाही बोर्डावर हाच गडी, एकटाच. अर्धा कोयता.

पण सगळ्यांत मी रमलो तो 'जनावरे रस्त्यावर येतात' या त्रिकोणापाशी. त्यातली गाय खरी होती! कॅल्व्हर्टबाईंच्या नातेवाइकांच्या शेतावरची. नाव पेशन्स. म्हणजे सबुरी. विलायतेत गाय बोर्डावर आहे आणि रस्त्यावर नाही. आमच्याकडं बोर्ड नाही, गाय रस्त्यावर आहे. तीच त्रिकोण, तीच गोल, आणि मध्येच बसली की चौकोन. मी सबुरीचा फोटो काढला आणि फुकट वायफायवरून आमच्या गँगच्या जुन्या मुकादमाला पाठवला.

जाता जाता काचेत एके-४७ दिसली. डिझाइन म्हणून! वाईट कामासाठी का होईना, वस्तू बिनचूक चालते म्हणून ठेवलीय, असं मी समजून घेतलं. मग आमच्या कोयत्यानं काय घोडं मारलंय? आखणारा कुणाला माहीत नाही, घडवणारा लोहार, आणि वापरणारा म्हणजे नवरा-बायको मिळून एक. त्याची मूठ इतकी आखूड का, याचं उत्तरही आहे. साखर उसाच्या बुडख्यात जास्त, म्हणून तोडायचा जमिनीलगत, म्हणून कमरेत वाकायचं. सगळा हिशोब साखरेच्या बाजूनं चोख आहे. कमरेच्या बाजूनं अजून कुणी अहवाल दिलेला नाही.

म्युझियमच्या मागं हॉलंड पार्क. पाऊस भुरभुरत होता. बाकड्यावर बसून हिनं बांधून दिलेले धपाटे सोडले, शेंगाची चटणी काढली, आणि पहिला घास तोंडात घालतो तोच समोर मोर. लंडनात वाघ बघितला असता तरी मी इतका दचकलो नसतो. पाटोदा तालुक्यात नायगावला आमचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ पासूनचं. तिथं मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा मला मोराचं फक्त ओरडणं ऐकायला मिळालं. इथं सात हजार किलोमीटरवर तो माझ्या धपाट्याकडं बघत उभा. पाऊस पडतोय म्हटल्यावर हा आता नाचणार, म्हणून मी मोबाइल सरसावला. पण त्यानं पिसारा आवरून घेतला आणि कुरकुरत झुडपाखाली जाऊन बसला. पावसाचा कंटाळा आलेला मोर मी जन्मात पहिल्यांदा बघितला. तेवढ्यात मुकादमाचा फोन.

"सायेब, गाय बघितली. अंगानं भरलीय. चारा बरा दिसतोय तिकडं."

"बोर्डावरची आहे ती."

"असू द्या. पाऊस हाय का?"

"आहे की."

"कोण्या मंडळात?"

"केन्सिंग्टन मंडळात."

"पेरणीजोगा हाय का?"

"नाही, भुरभुर आहे."

"मंग लोकांना सांगा, घाई करू नका म्हणावं पेरायची," एवढं बजावून त्यानं फोन ठेवला. तो छावणीवर होता. मागं जनावरं हंबरत होती.

दुपारी पायीच केन्सिंग्टन गार्डन्समध्ये गेलो. तिथं प्रिन्स अल्बर्टचं स्मारक आहे. १८६१ साली नवरा गेला आणि व्हिक्टोरिया राणीच्या हयातीतच हा एवढा डोलारा उभा राहिला, आत तो सोन्यानं मढवून बसवलेला. चार कोपऱ्यांना चार खंड. आशियाच्या कोपऱ्यात हत्ती, आणि त्यावर बाई बसलेली. तो हत्ती मला ओळखीचा वाटला. अंबाजोगाईच्या लेण्यांतले आमचे हत्ती असेच अंगानं दांडगे, म्हणून तर लोक त्या लेण्यांना हत्तीखाना म्हणतात. इथल्या हत्तीला सोंड मात्र शाबूत आहे. नवऱ्यासाठी बायकोनं केलेलं एवढं मोठं काम समोर होतं, तरी माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नाही, ती नाहीच आली. ते पुढं महागात पडलं.

कारण माझं सगळं लक्ष झाडांकडं होतं. पलीकडंच हाइड पार्क. किनिअर आणि कॅल्व्हर्टबाईंनी बोर्ड कुठल्या झाडांना टेकवले असतील, हे शोधत मी दीड तास हिंडलो. बुंधा सरळ हवा, समोर मोकळी जागा हवी, सकाळचं ऊन पाठीमागून नको. तीन झाडं मी जवळजवळ नक्की केली आणि तिन्हींचे फोटो काढले. एका बुंध्याला पाठ टेकून मी स्वतः बोर्ड झालो आणि पुढं जाणाऱ्या बाईला फोटो काढायला सांगितलं. ती हसली. मी कुठल्या आकारात मोडतो हे तिला विचारायला माझं इंग्रजी पुरलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो. हिनं बाळाला मांडीवर घेऊनच मोबाइल मागितला. गळे शोधायला लागली. बोर्ड, बोर्ड, गाय, मोराची पाठ, हत्ती, झाड, झाड, झाड, आणि झाडाला टेकलेला मी.

"एवढी झाडं बघितलीत?"

"दीड तास नुसती झाडंच."

"मग त्यात वड कुठं दिसला?"

मी चाट पडलो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. जावईबापूंनी हळूच कॅलेंडरकडं बोट केलं. परवा रविवार, वटपौर्णिमा.

"सात जन्म मी मागायचे," ही म्हणाली, "आणि तुम्हाला एक वड दिसू नये?"

लंडनच्या उघड्या हवेत वड येत नाही, थंडी त्याला सोसत नाही, असं जावईबापूंनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. ते कुणी ऐकून घेतलं नाही. शेवटी हिनंच मार्ग काढला. "शहरातल्या बायका कागदावरचा वड पुजतात. जन्मभर बोर्ड लावलेत ना? मग काढा एक."

रात्री जेवण झाल्यावर जावईबापूंनी मोठा कागद आणि मार्कर दिला. मी बुंधा काढला, पारंब्या सोडल्या, पानं गिचमीड न करता मोजकीच ठेवली, म्हणजे ताशी साठच्या वेगातसुद्धा वड म्हणून कळावा. झाड झालं. लाल मार्करचं टोपण काढून मी कागदावर ओणवा झालो आणि तसाच राहिलो.

"आता काय करायलाव?" हिनं विचारलं.

"झाड झालंय. आता भोवती त्रिकोण काढू का गोल, ते ठरवतोय."